अंतःकरण राखायचं म्हणजे रोजच्या जगण्यात नक्की काय करायचं?

मोहरीचा_दाणा (ऐरोली) | रविवार, रात्री ९:४०

सर्वांना जय ख्रिस्त.

आमच्या मंडळीत मी संडे स्कूलचा मोठ्या मुलांचा वर्ग घेते, आठवी ते दहावी. लेंटच्या (ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या) दिवसांत त्यांच्यासाठी नीतिसूत्रे ४:२३ घ्यायचं ठरलंय. "सर्व रक्षणीय वस्तूंपेक्षा आपल्या अंतःकरणाचे विशेष रक्षण कर, कारण त्यात जीवनाचा उगम आहे." पाठांतराची अडचण नाही, मुलं बोलता बोलता पाठ करतात. पण एका मुलीने सरळ विचारलं, "टीचर, रक्षण कर म्हणजे काय करू? सकाळी उठल्यापासून सांगा." हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून इथे आणलाय.

माझ्या मनात आणखी एक गाठ आहे. पाप म्हटलं की आपल्याकडे दारू, जुगार, बाहेरख्याली एवढंच डोळ्यांपुढे येतं. पण मार्क ७ मध्ये प्रभू जी यादी देतो, तिच्यात चोरी आणि खुनाच्या पंक्तीला हेवा आणि अहंकारही बसलेत, आणि हे सगळं आतून, माणसाच्या अंतःकरणातून निघतं असं तो म्हणतो. मग राखण कशापासून करायची? बाहेरून येणाऱ्यापासून की आतून निघणाऱ्यापासून?

एक विनंती. "प्रार्थना करा, वचन वाचा" एवढ्यावर थांबू नका. ते करायचंच आहे. तुम्ही स्वतः आणखी काय करता, ते सांगा.

पारसिक (कळवा) | रविवार, रात्री १०:१५

ताई, तेविसावं वचन एकटं काढून घेतलं की ते भिंतीवरच्या फ्रेममधलं वाक्य होतं. वर्गात विसाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत वाचून घ्या. विसाव्यात कान आहे : माझ्या बोलण्याकडे कान दे. एकविसाव्यात डोळे : ही वचनं नजरेआड होऊ देऊ नकोस. मग अंतःकरण. लगेच चोविसाव्यात तोंड : कुटिल बोलणं दूर कर. पंचविसाव्यात पुन्हा डोळे, नीट समोर बघ. आणि शेवटच्या दोन वचनांत पाय : उजवीडावीकडे वळू नकोस, वाईटापासून पाऊल काढ.

म्हणजे बापाने मुलाला कान, डोळे, तोंड, पाय असं सगळं शरीर मोजून दाखवलंय आणि मधोमध अंतःकरण ठेवलंय. त्या मुलीला हेच सांगा. आज काय ऐकलंस, काय बघितलंस, काय बोललीस, कुठे गेलीस. सकाळी उठल्यापासूनचं उत्तर तिथेच आहे.

रात्रपाळी (घणसोली) | सोमवार, सकाळी ७:०५

आत्ताच शिफ्ट संपवून घरी आलो. ताई, मी डोळ्यांबद्दल बोलतो, कारण माझी लढाई तिथे आहे.

रात्रपाळी करून सकाळी घरी आल्यावर बायको कामावर, मुलं शाळेत, घर रिकामं, अंग थकलेलं, आणि झोप लगेच लागत नाही. हातात फोन. पुढचं सांगायला नको. तरुण मुलांना हे नीट माहीत असतं, आपण मोठी माणसंच ते मुलांना माहीत नाही असं धरून चालतो. मी काय केलं ते सांगतो. घरात शिरताना फोन देवघरात नाही, तिजोरीत नाही, स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या फळीवर चार्जिंगला लावतो. झोपायच्या खोलीत गजराचं साधं घड्याळ. बायकोला फोनचा पासवर्ड माहीत आहे. आणि मंडळीतला एक भाऊ आहे, तो दर शनिवारी मला एकच प्रश्न विचारतो, "आठवडा कसा गेला?" त्याचा अर्थ दोघांनाही कळतो.

उजवा डोळा अडखळवत असेल तर उपटून टाक, असं प्रभू म्हणाला. डोळा जागेवर राहिला, फोनची जागा बदलली. लोकांना हे फार किरकोळ वाटतं. मला वाटत नाही.

उपवन | सोमवार, सकाळी ९:३०

घोडबंदर रोडला गायमुखपाशी अडकलं की अंतःकरण राखायची तोंडी परीक्षा रोज होते, फी न भरता.

कोलशेत | सोमवार, सकाळी ९:४१

उपवन, तोंडी परीक्षाच खरी. माझ्या गाडीत मागे मुलं बसलेली असतात आणि प्रत्येक शब्द टिपून घेतात. आम्ही आता घाट सुरू झाला की स्तोत्र १२१ म्हणतो, "मी आपली दृष्टी डोंगराकडे लावतो". समोर खरोखरच डोंगर असतो, त्यामुळे मुलांना पटतं.

नवा_करार (नेरूळ) | सोमवार, दुपारी १:२०

मला इथे थोडं वेगळं म्हणायचंय. रागावू नका.

फोन फळीवर, पासवर्ड बायकोकडे, हे ठीक आहे. पण यिर्मया १७:९ काय सांगतं? अंतःकरण सर्वांहून कपटी आहे. मग ज्याला राखायचं तोच कपटी असेल तर पहारा कोणी द्यायचा? चोराच्या हाती किल्ल्या देण्यासारखं झालं. पौल कलस्सैकरांना लिहितो की 'शिवू नको, चाखू नको, हात लावू नको' असल्या नियमांत शहाणपणाचा नुसता देखावा असतो, देहाच्या लालसेला आवर घालायला त्यांचा उपयोग नसतो. मी नियमांच्या घरात वाढलो. सिनेमा नाही, पत्ते नाहीत, टिकली नाही. घरातला राग मात्र कोणी मोजला नाही.

फिलिप्पै ४:७ बघा. देवाची शांती तुमची अंतःकरणं राखील, असं तिथे आहे. पहारा तिचा. यहेज्केल ३६ मध्ये तर देव म्हणतो, मी पाषाणमय हृदय काढून मांसमय देईन. आधी नवं हृदय मागा. जुन्याला कुलूप लावून काय होणार?

पारसिक (कळवा) | सोमवार, सायंकाळी ६:५०

नवा_करार, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, पण अर्धं. ज्या फिलिप्पैकरांस पत्रात देवाची शांती राखील असं आहे, त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात 'भीत व कापत आपले तारण साधून घ्या' असंही आहे, आणि लगेच पुढे, इच्छा करणं आणि कृती करणं हे तुमच्या ठायी साधणारा देव आहे. दोन्ही एका श्वासात. शिवाय शांती राखील म्हणून सांगितल्यावर पौल थांबत नाही. पुढच्याच वचनात जे सत्य, जे आदरणीय, जे शुद्ध, त्याचा विचार करा म्हणतो. विचार आपणच करायचाय, देव आपल्या वतीने करत नाही.

तुमच्या घरात राग मोजला गेला नाही, हे मात्र मनाला लागलं. आमच्याही पिढीत असंच होतं.

खारबांध (ठाणे) | सोमवार, रात्री ९:१०

मी कॅथलिक आहे, ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्याच मूळ मराठी ख्रिस्ती समाजातला. मासुंद्याजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चला जातो. इथे बरेच जण प्रॉटेस्टंट दिसतात, तरी चार ओळी लिहितो.

आमची खाडीकाठी खारात भातशेती होती, आता तिथे इमारती आहेत. खाडीचं पाणी अडवायला मातीचा बांध आणि पावसाचं पाणी बाहेर काढायला उघाडी. बांध लाटेने फुटतो असं शहरातल्या माणसाला वाटतं. तसं नसतं. खेकडा बीळ करतो, बोटभर. ओहोटीला ते नुसतं चिखलातलं भोक दिसतं. भरतीला त्यातून पाणी झिरपतं. आणि उधाणाच्या रात्री नेमकी तिथेच खांड पडते. खारं पाणी एकदा शेतात शिरलं की पुढची पिकंही गेली, कारण मीठ जमिनीत बसतं. म्हणून माझे वडील उधाणाची वाट बघत नसत. ओहोटीला, सगळं शांत असताना, अनवाणी बांधावरून फिरायचे. टाचेने दाबून बघायचे. भुसभुशीत लागलं की थांबायचे, चिखलाचा गोळा आणि पेंढा कोंबून तुडवायचे, मग पुढे.

मनाचा बांधही शांत वेळीच बघावा लागतो. त्यासाठी आमच्याकडे संत इग्नेशियस लोयोलाने सोळाव्या शतकात घालून दिलेली रीत आहे, रात्री दिवस तपासायची. पायऱ्या पाच. पहिल्या पायरीला पाप आठवायचं नाही, देवाचे आभार मानायचे. दुसऱ्या पायरीला प्रकाश मागायचा, कारण नवा_करार म्हणतात ते खरं आहे, आपलं मन आपल्यालाच फसवतं. मग दिवस तासातासाने बघायचा, क्षमा मागायची, आणि उद्याचं एखादं ठरवायचं. निजायच्या आधी पंधरा मिनिटं पुरतात. शिवाय कन्फेशन. आपलं पाप आपल्या तोंडाने दुसऱ्या माणसापुढे उच्चारावं लागतं, तेव्हा त्याला दिलेली गोंडस नावं गळून पडतात.

आणखी एक, विषयाला थोडं सोडून. आपल्या ठाण्यातच १३२१ साली चार फ्रान्सिस्कन संन्यासी रक्तसाक्षी झाले, म्हणजे श्रद्धेसाठी मारले गेले, थॉमस ऑफ तोलेन्तिनो आणि त्यांचे तीन साथी. न्यायाधीशापुढे उभं केल्यावर त्यांना तयारीला वेळ मिळाला नव्हता. जे आधीपासून आत भरलेलं होतं तेच तोंडातून आलं. लूक ६:४५ तेच सांगतं.

कोलशेत | सोमवार, रात्री ९:२५

बाबा, इतकी वर्षं ठाण्यात राहून हे १३२१ चं माहीत नव्हतं. यावर वेगळा धागा काढा ना, प्लीज.

नौपाडा_जुना | मंगळवार, सकाळी ८:१५

मी ख्रिस्ती नाही, पण हा धागा कालपासून वाचतोय. आमच्या आजीने काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर हे सहा शत्रू बोटांवर मोजायला शिकवले होते. तुमच्याकडेही अशी मोजणी आहे का? आणि फरक कुठे पडतो? जाणून घ्यायला विचारतोय, वाद घालायला नाही.

पारसिक (कळवा) | मंगळवार, सकाळी १०:००

नौपाडा_जुना, आनंद वाटला. आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने आठ दुष्ट विचार सांगितले : खादाडपणा, कामवासना, लोभ, खिन्नता, क्रोध, आळस, पोकळ प्रतिष्ठेची हाव आणि गर्व. त्याने त्यांना विचार म्हटलं, हे मला महत्त्वाचं वाटतं. कृती व्हायच्या आधीच तो त्यांना पकडायला बघत होता. पुढे सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी पहिले यांनी त्यांची सात पापांची मांडणी केली. मत्सर तिथे आला. तुमच्या आजीच्या यादीतले काम, क्रोध, लोभ, मद, मत्सर सगळे ओळखीचे निघतील.

फरक मला असा दिसतो की आमच्या श्रद्धेत हे शत्रू जिंकून माणूस देवापाशी पोचत नाही. देवाने ख्रिस्तात आधीच जवळ घेतलंय, आणि त्या प्रेमाला जागायचं म्हणून ही राखण आहे. हरलो तरी परत जायला घर आहे. १ योहान १:९ तेच सांगतं, पाप कबूल केलं तर तो क्षमा करतो.

अबोली_कोपरखैरणे | मंगळवार, रात्री ११:५०

मी कॉलेजला आहे. विचारायला भीती वाटते, पण इथे नाव नाही म्हणून विचारते. मला प्रार्थनेच्या वेळीच घाण विचार येतात. देवाबद्दल शिव्या येतात मनात. मी क्षमा मागते, लगेच पुन्हा येतात, मग परत पहिल्यापासून प्रार्थना करते. कधी कधी रात्रीचा एक वाजतो. प्रभू म्हणाला नुसत्या वाईट इच्छेने बघितलं तरी पाप झालं. मग माझं अंतःकरण आधीच गेलंय का?

नर्स_वाशी | बुधवार, सकाळी ६:२०

बाळा, नाही गेलं. हे आधी वाच, मग पुढचं.

इब्री ४:१५ सांगतं की प्रभू सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला, तरी निष्पाप राहिला. म्हणजे मोह दारात येणं हे पाप नाही. याकोब १:१४-१५ मध्ये क्रम आहे. वासना ओढते, भुलवते, मग ती गर्भवती होते आणि पापाला जन्म देते. ओढ लागण्यापासून जन्मापर्यंत मधे संमती आहे. मत्तय ५ मधला माणूस वासना धरून, मुद्दाम बघत राहतो. तू बघत राहत नाहीस. तुला ते विचार नकोत, तू क्षमा मागतेस, म्हणजे तुझी संमती नाही. बाप आपल्या लेकरावर असा डूख धरून बसत नाही.

आता दुसरी गोष्ट, आणि ही मी नर्स म्हणून सांगते. नको असलेला विचार पुन्हा पुन्हा येणं, तो घालवायला तीच प्रार्थना पहिल्यापासून करत राहणं, झोप जाणं, हे ओसीडी (ऑब्सेसिव्ह कम्पल्सिव्ह डिसऑर्डर) असू शकतं. तो आजार आहे, आणि त्याला चांगले उपचार आहेत. तो तुझ्या श्रद्धेचा कमकुवतपणा नाही. मानसोपचारतज्ज्ञाला दाखव. आईबाबांशी बोलणं जड जात असेल तर मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे, मोफत, मराठीत बोलता येतं. आणि तोवर रात्री प्रार्थना एकदाच, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' म्हण आणि दिवा घालव. मधे काहीही आलं तरी परत सुरू करू नकोस.

मोहरीचा_दाणा ताई, तुमच्या वर्गातही एखादं असं लेकरू असेल. 'मनात आलं म्हणजे झालंच पाप' असं त्यांना शिकवू नका, हात जोडून सांगते.

खारबांध (ठाणे) | बुधवार, सकाळी ७:४५

नर्सताई, देव तुमचं भलं करो. अबोली, आमच्याकडे कन्फेशन ऐकणारे जुने फादर अशा मुलांना हेच सांगतात, एकदा सांगितलंस ते पुन्हा उकरायचं नाही. मी तुझ्यासाठी रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतोय.

खर्डावही (तुर्भे) | बुधवार, दुपारी २:३०

मी एमआयडीसीत एका कारखान्यात परचेसला आहे. पैशाबद्दल अजून कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

दिवाळीच्या आधी एका पुरवठादाराने मिठाईचं खोकं टेबलावर ठेवलं. वर काजूकतली, तिच्याखाली चांदीचा कागद, कागदाखाली पाकीट. खोकं उचललं तेव्हाच वजन वेगळं लागलं. मी कागद सारला, पाकीट त्याच्या हातात दिलं, आणि मिठाई ऑफिसात सगळ्यांना वाटली. लोक म्हणाले, काय धीर केलास. पण ती लढाई खोकं आलं त्या दिवशी नव्हतीच. ती जूनमध्ये झाली होती.

जूनमध्ये मुलाची फी भरली आणि मनात एक हिशेब सुरू झाला. अमक्याने गाडी कशी घेतली. सगळेच घेतात. कंपनी मला कमी देते, म्हणजे हे माझ्या हक्काचंच. कोणी काही देऊ केलेलं नव्हतं, तरी घ्यायची कारणं माझ्याकडे तयार होत होती. बायकोने जेवताना विचारलं, "हल्ली सारखं दुसऱ्यांच्या गाड्यांचं काय चाललंय?" त्या रात्री मी तिला सगळं सांगितलं. खर्च कुठे कमी करायचा ते दोघांनी बसून ठरवलं, आणि त्याच महिन्यापासून मिळकतीचा दशांश आधी बाजूला काढायला लागलो. खोकं आलं तोवर उत्तर ठरलेलं होतं.

दावीद राजा गच्चीवरून आंघोळ करणाऱ्या बथशेबेला बघतो तिथून आपण त्याच्या पापाची गोष्ट सुरू करतो. २ शमुवेल ११ चं पहिलं वचन बघा. राजे मोहिमेवर जातात तो काळ, सैन्य लढाईला गेलंय आणि दावीद मात्र यरुशलेमात राहिलाय. घसरण तिथून आहे. उलट योसेफ पोटीफराच्या घरात नुसता पळाला असं आपण म्हणतो, पण उत्पत्ती ३९ मध्ये पोटीफराची बायको रोज त्याच्या मागे लागायची आणि तो रोज नाही म्हणायचा. झगा सोडून पळायचा दिवस नंतर आला.

चहानंतर (नेरूळ) | बुधवार, सायंकाळी ५:१०

सगळी पुरुषमंडळी डोळे आणि पैसा बोलली. आता तोंडाचं मी बोलते.

उपासना सुटते. हातात कागदी कप. कोणीतरी दंडाला धरून खांबामागे नेतं, आवाज खाली येतो. "तिच्यासाठी प्रार्थना करा हं." "का गं, काय झालं?" "नाही, मी काही बोलत नाही... पण मुलगा आता घरी नसतो म्हणे." चहा निवेपर्यंत एका घराची अब्रू वेशीवर टांगलेली असते, आणि प्रार्थना मात्र कोणीच केलेली नसते. मला हे फार जड वाटतं, कारण आपण देवाचं नाव पुढे करून हे करतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रार्थना ग्रुपवर तर हे कायमचं लिहून राहतं.

मी आता दोनच गोष्टी करते. समोरची सांगायला लागली की विचारते, "तिने सांगायला सांगितलंय का?" हो म्हणाली तर तिथेच, कप खाली ठेवून, डोळे मिटून दोघी प्रार्थना करतो. नाही म्हणाली तर विषय बदलते. काही जणी माझ्यापाशी यायच्या बंद झाल्या. येऊ देत नाहीतर न येऊ देत. नीतिसूत्रे २६:२० म्हणतं, लाकूड संपलं की आग विझते.

उपवन | बुधवार, सायंकाळी ५:५५

काकू, पटलं, पण एक भीती वाटते. 'घरातलं बाहेर काढू नका' याच वाक्याखाली किती बायका मार खात राहिल्या. माझ्या मावशीचं तसंच झालं. सगळ्यांना माहीत होतं आणि चहाडी नको म्हणून सगळे गप्प.

चहानंतर (नेरूळ) | बुधवार, सायंकाळी ६:३०

उपवन, बरं झालं बोललात. जो मदत करू शकतो त्याला, मदतीसाठी सांगणं ही चहाडी नाहीच. मार खाणाऱ्या बाईसाठी पाळकांकडे जायचं, पोलिसांकडे जायचं, तिला आपल्या घरी आणायचं. तिथे गप्प बसणं हेच पाप. मी ओळखायची खूण अशी ठेवलीय : सांगून झाल्यावर मी तिच्या दारी जाणार आहे का? जाणार नसेन तर तोंड उघडायचं नाही.

नवा_करार (नेरूळ) | बुधवार, रात्री १०:४०

रात्रपाळी भाऊ, तुमच्यासाठी. मी पहिल्या दिवशी फोनच्या फळीवर जरा कडक बोललो. मला खरं तर मत्तय १२ मधलं झाडून लोटून रिकामं ठेवलेलं घर आठवत होतं. माणसातून दुष्ट आत्मा गेला, घर स्वच्छ झालं, पण रिकामं राहिलं, म्हणून तो आणखी सात घेऊन परत आला. फोन फळीवर गेल्यावर त्या वेळात तुम्ही काय ठेवलंय?

रात्रपाळी (घणसोली) | गुरुवार, सकाळी ७:२०

दादा, कडक वाटलं नाही. प्रश्न अगदी योग्य जागी लागला. सुरुवातीला काहीच नव्हतं आणि ते दिवस फार अवघड गेले. आता येताना घणसोली स्टेशनवरून चालत येतो आणि एक स्तोत्र तोंडपाठ करतो. एकशेएकोणिसाव्यातलं अकरावं वचन पहिलं केलं : "मी तुझ्याविरुद्ध पाप करू नये म्हणून मी आपल्या मनात तुझे वचन जपून ठेवले आहे." घरी आल्यावर मुलांचे डबे आणि शाळेचे कपडे धुतो. बायको संध्याकाळी येते तेव्हा तिचं काम कमी झालेलं असतं. तिच्यासाठी काहीतरी करून झोपलो की मन दुसरीकडे कमी जातं.

मोहरीचा_दाणा (ऐरोली) | गुरुवार, दुपारी ३:१५

सगळ्यांचे मनापासून आभार. बाहेरून की आतून, या माझ्या प्रश्नाचं मला आता असं समजलंय : मोह बाहेरून येवो की आतून, त्याला आत बसायला जागा कोण देतं, तिथे राखण आहे. आणि ती एकट्याने होत नाही. बायको, शनिवारचा भाऊ, फादर, सगळ्यांच्या गोष्टीत दुसरं कोणीतरी आहे.

वर्गासाठी असं ठरवतेय. पारसिक काकांचं कान, डोळे, तोंड, पाय फळ्यावर काढायचं. प्रत्येकाने वहीत एक आठवडा रात्री लिहायचं, पहिली ओळ आभाराची. मग पुढच्या रविवारी वाचायचं. चालेल का?

नर्स_वाशी | गुरुवार, दुपारी ३:४०

सगळं चालेल, वाचायचं तेवढं काढा. वही ज्याची त्याच्याकडे राहू द्या. वर्गात वाचायचं ठरलं की मुलं तुमच्यासाठी लिहितील, देवासाठी नाही. फक्त आभाराची ओळ मोठ्याने वाचून घ्या. आणि कोणाला एकट्याने बोलायचं असेल तर तुम्ही वर्गानंतर कुठे बसलेल्या असाल ते फळ्यावर लिहून ठेवा.

मोहरीचा_दाणा (ऐरोली) | गुरुवार, दुपारी ३:५२

ताई, बरोबर. वाचन काढून टाकलं. वर्गानंतर अर्धा तास मी जिन्याखालच्या बाकावर थांबेन, तेही लिहिते.

अबोली_कोपरखैरणे | गुरुवार, रात्री ९:०५

नर्सताई, १४४१६ वर आज फोन केला. बोलले. त्यांनी डॉक्टरांना दाखवायला सांगितलंय, आईला पण सांगितलं, ती शनिवारी सोबत येतेय. काल प्रार्थना एकदाच केली.

नर्स_वाशी | गुरुवार, रात्री ९:११

शाब्बास गं पोरी. शनिवारी निघताना केव्हापासून, दिवसातून किती वेळा, झोप किती, एवढं कागदावर लिहून ने. डॉक्टरांसमोर बसल्यावर आठवत नाही. आणि आज लवकर झोप.